मुस्तफाची अस्सल नक्कल

'मुस्तफा' नावाचा व्हिडिओ गेम जगातल्या कुठल्याही कंपनीने कधीही काढलेला नाही. तरीही १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ज्यांचे लहानपण बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात किंवा घाटाखाली आमच्या फोंडा-मडगावात गेले, त्यांच्यापुढे हे नाव नुसते उच्चारून पाहा. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला गृहस्थ क्षणभर थांबतो आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे नकळत टेबलावर वाजायला लागतात.

खेळाचे कागदोपत्री नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. मूळ कथा मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथामालिकेतली. खेळाच्या सुरुवातीला चार पात्रांतून एक निवडायचे असते : जॅक टेनरेक, हॅना डंडी, मेस ओब्रॅडोविच आणि मुस्तफा कैरो. आता आमच्या पोरांच्या इंग्रजीला यांतले एकच नाव झेपणारे, आणि तेच तेवढे ओळखीचे. शिवाय चौघांत चपळ तोच. झाले बारसे! खेळाचे नावच मुस्तफा पडले आणि ते हजारो गल्ल्यांत एकाच वेळी, कुणी कुणाला न विचारता पडले.

पोथीतले नाव एक आणि लोकांच्या तोंडचे दुसरे, हे आम्हां गोव्याच्या माणसांना नवीन नाही. पावतीवर श्री शांतादुर्गा असते, जुन्या जाणत्यांच्या तोंडी मात्र सातेरीच. लोक एखादी वस्तू खरोखर आपली मानतात तेव्हाच तिला स्वतःचे नाव देतात. म्हणून या खेळाकडे मला पोरखेळ म्हणून पाहता येत नाही. आपल्या गावांच्या अलीकडच्या इतिहासाचे ते एक पान आहे, आणि त्याची कागदपत्रे झपाट्याने भंगारात चालली आहेत.

या विषयात मी ओढला गेलो तो माझ्या मावसभावामुळे. तो बेळगावच्या शहापुरात राहतो. उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये लेथ आणि मिलिंगवर त्याची पंचवीस वर्षे गेली. बेळगाव म्हटले की बाहेरच्यांना कुंदा आणि सीमाप्रश्न एवढेच आठवते. पण हे गाव फाउंड्रीचे, हायड्रॉलिक्सचे, मोटारींच्या सुट्या भागांचेही आहे. हातात कसब असलेली माणसे तिथे गल्लोगल्ली भेटतात. २०२२ च्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, "दादा, घरात मुस्तफाची मशीन बसवायलोय. लाकडाची, पयल्यासारखी." मला वाटले, दोन दिवसांचा नाद असेल. पण त्या पेटीला नऊ महिने लागले आणि त्यातला बराच वेळ एका प्रश्नावर गेला : पहिल्यासारखी म्हणजे नेमकी कशासारखी?

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. जपानमध्ये १९७८ साली ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ घडवला. त्यात वरून उतरणारे परग्रहवासी जसजसे मरतात तसतसे उरलेले अधिकाधिक वेगाने धावू लागतात. ही युक्ती कुणी आधी योजलेली नव्हती. पडद्यावर काढायच्या आकृत्या कमी झाल्या की त्या काळच्या बिचाऱ्या प्रोसेसरवरचा भार हलका होई, आणि खेळ पळू लागे. यंत्राची दुर्बलता हाच खेळाचा प्राण ठरला. हे जरा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. नंतर १९८० चा 'पॅक-मॅन', १९८१ चा 'डाँकी काँग'... तो इतिहास सर्वत्र सापडतो, त्यात इथे शिरत नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे साल १९८५. जपानच्या उत्पादकांच्या संघटनेने त्या वर्षी जोडणीचा एक समान नमुना ठरवला. संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्याला 'जामा' म्हणतात. ५६ टोकांची एक पट्टी. वीज, चित्र, आवाज, दांडा, बटणे, नाण्याची खाच, सगळ्यांच्या तारा त्या एका पट्टीत. पेटी तीच ठेवायची, आतला बोर्ड उपसून दुसरा खोचायचा, की नवा खेळ सुरू. परदेशातून आख्खी पेटी आणणे बेळगावच्या कुठल्या दुकानदाराला परवडणार होते? पण बोर्ड वहीएवढ्या आकाराचा, पिशवीतून एसटीने येऊ शकतो. पेटी गावच्या सुताराने करायची, पडदा म्हणून जुना टीव्ही बसवायचा. निपाणीसारख्या तंबाखूच्या वखारींच्या गावात व्हिडिओ गेम पोचला तो या ५६ टोकांच्या पुण्याईने, असे माझे मत आहे. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर संहिता परकी आणि नेपथ्य गावचे.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मावशीकडे जायचो. खडेबाजाराच्या मागच्या अंगाला एका बोळात 'गेमवाल्या काकां'च्या चार पेट्या होत्या. दाराला मळका निळा पडदा, आत एक पिवळा बल्ब, कोपऱ्यात व्होल्टेज सांभाळणारा घुमणारा स्टॅबिलायझर. रुपयाला एक टोकन. वीज गेली की चालू खेळ बुडाला, त्याचे टोकन परत मिळत नसे आणि यावरून रोज भांडण होई. काकांची घरची भाषा कन्नड. आमच्याशी ते बेळगावी मराठीत बोलत. पु.लं.च्या 'रावसाहेबां'नी जी मराठी महाराष्ट्रभर लाडकी केली, तीच. क्रियापद कानडी वळणाचे, शिवी अस्सल.

ज्यांनी बेळगाव पाहिलेले नाही त्यांना या बोळाचे वेगळेपण कळणार नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. दरवर्षी १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या रस्त्यावर काळ्या दिनाची फेरी. २०१४ च्या त्याच तारखेला बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. दुकानाच्या पाटीवर किती टक्के कन्नड हवे याचासुद्धा आता कायदा आहे : साठ टक्के. अशा गावात, त्या पडद्याआड, पडद्यावर ना मराठी होती ना कन्नड. 'इन्सर्ट कॉइन' एवढी दोन इंग्रजी अक्षरे, ती कुणी वाचत नसे. एका दांड्यावर मराठी शाळेतला, दुसऱ्यावर कन्नड शाळेतला, मागे उर्दू शाळेतल्यांचा घोळका. "मागं बघ की!" आणि "हिंदे नोडो!" या आरोळ्या एकाच दमात उठत. तिथे बंधुभावाचे राज्य होते असे मी म्हणणार नाही. टोकनांवरून डोकी फुटायची. पण ती भाषेवरून फुटत नव्हती एवढे नक्की.

वडीलधाऱ्यांच्या लेखी मात्र ही जागा म्हणजे जुगाराचा अड्डा. आणि कायद्याच्या लेखीही फार वेगळी नव्हती. कर्नाटकातल्या पार्लरवाल्यांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य', निकाल एप्रिल १९९५. बंगलोर आणि म्हैसूर शहरांत पोलिसांनी व्हिडिओ गेमच्या जागांना परवाना सक्तीचा केला होता, त्याला हे आव्हान होते. आमच्या खेळात कौशल्य लागते, तो जुगार नव्हे, असा मालकांचा मुद्दा. पैसे लावून खेळायच्या यंत्रांत फेरफार करून जिंकण्याची शक्यता हवी तशी घटवता येते, असे न्यायालयापुढे आले आणि परवान्याची अट न्यायालयाने योग्य ठरवली. पैशाच्या यंत्रांबाबत ते रास्तच होते. पण मुस्तफा जिंकल्यावर कुणाला काही मिळत नसे. मिळायचे ते घरी उशिरा गेल्याबद्दल धपाटे. तरी सरसकट 'व्हिडिओ गेम' या शब्दालाच जो वास लागला तो लागलाच.

यातली गंमत आम्हा गोंयकारांना अधिक कळावी. चोर्ला घाटाच्या खाली, गोव्यात, १९९२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत पैशांची स्लॉट यंत्रे बसवायला मुभा मिळाली होती आणि १९९६ साली पाण्यावरच्या कॅसिनोंनाही वाट मोकळी झाली. म्हणजे घाटावर रुपयाच्या टोकनाकडे संशयाने बघायचे आणि घाटाखाली लाखांच्या यंत्राला गालिचा अंथरायचा. असो. त्यावर लिहायचे तर वेगळा लेख होईल.

पार्लरे बंद पडली ती काही केवळ पोलिसांमुळे नव्हे. टीव्हीला जोडायचे स्वस्त खेळयंत्र घरोघर आले. निन्टेन्डोच्या १९८३ च्या 'फॅमिकॉम'च्या त्या नकला, मारिओ आणि कॉन्ट्रा असलेल्या. मग सायबर कॅफे आले, मग मोबाइल. २००५ च्या सुमारास मी पुन्हा त्या बोळात गेलो तेव्हा पडदा तोच होता, आत झेरॉक्सचे यंत्र होते. पेट्या कुठे गेल्या? काकांना विचारले तर म्हणाले, "लाकूड बंबात गेलं, काच भंगारात." एका वाक्यात ग्रंथसंग्रहालय जळाल्याची बातमी!

पण संहिता वाचली होती, आणि ती वाचवणारा माणूस बसला होता इटलीत. निकोला साल्मोरिया या तरुणाने ५ फेब्रुवारी १९९७ रोजी 'मेम' नावाचा प्रोग्राम लोकांपुढे ठेवला. त्याचे काम थोडक्यात असे. जुन्या बोर्डावर प्रोसेसर असतो, आवाजाची चिप असते, चित्राची असते. 'मेम' या प्रत्येक चिपचे सोंग आपल्या कॉम्प्युटरच्या आत घेतो. चिपमधून वाचून काढलेला मूळ प्रोग्राम त्याला दिला की प्रोग्रामला वाटते आपण १९९३ च्या बोर्डावरच चालतो आहोत. खेळाची नवी आवृत्ती बनवणे वेगळे आणि हे वेगळे. दशावतारात संकासुराचा मुखवटा चढवला की खालच्या माणसाला त्याचीच चाल चालावी लागते, तसे वेगवान कॉम्प्युटरला इथे मुद्दाम मंद व्हावे लागते. 'स्पेस इन्व्हेडर्स'चे ते हळूहळू वाढणारे धावणे हवे असेल तर जुन्या प्रोसेसरची दमछाकही हुबेहूब वठवावी लागते. २०१६ पासून मेम मुक्त परवान्याखाली आहे आणि त्यात हजारो यंत्रांची नोंद आहे. स्वयंसेवकांनी, एका पैशाची अपेक्षा न ठेवता केलेली.

या नोंदीत 'मुस्तफा' शोधाल तर सापडणार नाही. तिथे त्याचे नाव 'डिनो'. मावसभावाला हे कुणीतरी सांगेपर्यंत त्याचे दोन रविवार गेले.

पहिली जुळणी त्याने ऑफिसातून निकालात निघालेल्या कॉम्प्युटरवर केली. चपटा मॉनिटर, बाजारातले तयार दांडे-बटणांचे किट आणि त्यांच्या तारा यूएसबीत आणणारी छोटी पट्टी. खेळ सुरू झाला. चित्र इतके लख्ख की प्रत्येक ठिपका चौकोनी विटेसारखा उभा. तो दहा मिनिटे खेळला आणि म्हणाला, "दादा, हे खोटं हाय की."

खोटे काय होते? चित्राचे कारण सोपे निघाले. जुने खेळ काढणाऱ्यांनी ते काचेच्या फुगीर नळीच्या पडद्यासाठी रंगवले होते. त्या पडद्यावर ठिपके एकमेकांत किंचित विरघळतात आणि आडव्या ओळींमध्ये बारीक काळी फट राहते. म्हणून मग कॉम्प्युटर बाजूला ठेवून रास्पबेरी पाय ३ घेतला. तळहातावर मावणाऱ्या या कॉम्प्युटरला जुन्या टीव्हीत जाणारी पिवळ्या पिनेची वायर थेट जोडता येते. २१ इंची नळीचा टीव्ही भंगारवाल्याकडून वजनावर मिळाला. त्यावर 'रेट्रोपाय' ही तयार प्रणाली टाकली. चित्र जमले.

पेटी निपाणीला झाली. बेळगावहून महामार्गाने उत्तरेला ७५ किलोमीटर. तिथले एक मिस्त्री भावाच्या ओळखीचे. वखारींची दारे करण्यात हयात गेली, वय सत्तरीचे. त्यांना आम्ही इंटरनेटवरचे अमेरिकन पेट्यांचे नकाशे दाखवले. ते बघून हसले. म्हणाले, "ह्या पेट्या मी केल्यात. नव्वद सालानंतर वीस-पंचवीस तरी. एका शीटात दोन्ही कडा बसल्या पायजेत, न्हाईतर परवडत न्हाई." आणि मला एकदम उलगडा झाला. प्लायवुडचे शीट आठ फूट बाय चार फूट. उभे मधोमध कापले की दोन फुटी दोन पट्ट्या. साडेपाच फुटांवर छाटले की दोन कडा तयार, आणि उरलेल्या अडीच फुटी तुकड्यांत टीव्हीची फळी व बटणांची फळी. आमच्या पेट्या अमेरिकन पेट्यांहून बुटक्या आणि अरुंद का होत्या याचे उत्तर हे. रुंदीही २१ इंची टीव्ही मावेल एवढीच. मुस्तफा मूळचा तिघांनी एकत्र खेळायचा खेळ. पण आमच्याकडे त्या रुंदीत दोनच दांडे बसत, तिसरा कायम मागे उभा राहून सल्ले देई. एका प्लायच्या शीटाने खेळाचा नियम बदलला होता! कुठल्याही परदेशी नोंदीत हे सापडणार नाही.

फळीचा उतार मिस्त्रींनी तोंडी सांगितला, "मनगट मोडून बसू नये एवढा." सनमायका लाकडी रेघांचा, कारण तेव्हा स्वयंपाकघरांतून उरलेला तोच मिळे. दांड्याखालची पत्र्याची बैठक भावाने स्वतः मिलिंगवर काढली, दोन मिलिमीटर जाडीची. बाजारातल्या किटमधली बैठक त्याच्या मते 'पापड'. पेटीच्या कपाळावर दिव्याची पाटी असते, तिच्यावर नाव काय लिहायचे याचा खल झाला. शेवटी वर देवनागरीत आणि खाली कन्नड लिपीत 'मुस्तफा' लिहिले, दोन्ही अक्षरे एकाच उंचीची. टक्केवारी मोजायला कुणी आले नाही.

तरी भाऊ समाधानी नव्हता. "आवाज आमचा न्हाई हा." मूळ कॅपकॉम बोर्डात 'क्यूसाउंड' नावाची ध्वनिप्रणाली आहे, मेममध्ये ती भरदार वाजते. भावाच्या कानात होता तो आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यासारखा, ठोसा बसला की पार्श्वसंगीत मधेच गिळणारा. मला आधी वाटले, आठवणीची करामत. पण याचे कारण इतिहासात होते.

कॅपकॉमने या बोर्डांत नकलेविरुद्ध एक तजवीज केली होती. प्रोग्रामचा काही भाग कुलूपबंद, आणि कुलपाची किल्ली बोर्डावरच्या एका छोट्या बॅटरीच्या जिवावर जपलेली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड निकामी होतो. जाणकार तिला 'आत्महत्येची बॅटरी' म्हणतात. नकला करणाऱ्यांनी ही सगळी भानगड काढून टाकली. क्यूसाउंडऐवजी एक साधी, स्वस्त आवाजाची चिप आणि तिला हाकायला 'पीआयसी' जातीचा छोटा कंट्रोलर. परिणाम? कंपनीचे अस्सल बोर्ड वेळेवर बॅटरी न बदलल्यामुळे जगभर मेले आणि चोरीचे बोर्ड, मरण्यासारखे त्यांच्यात काही नसल्यामुळे, जिवंत राहिले.

'स्ट्रीट फायटर २'ची गोष्टही तीच. १९९२ च्या 'चॅम्पियन एडिशन'मध्ये कुणीतरी परस्पर फेरफार करून 'रेनबो एडिशन' म्हणून ओळखले जाणारे रूप तयार केले. त्यात हवेत उडी मारून अग्निगोळे सोडता येतात, झुंज चालू असताना पात्र बदलता येते. काकांच्या तिसऱ्या पेटीत तेच होते. पुढे कंपनीची खरी आवृत्ती पाहिली तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना तीच नकली वाटली. जागतिक इतिहास लिहिणारे अशा रूपांची तळटीप करतात. आमच्या गावांपुरती मात्र ती तळटीप हाच मूळ मजकूर. बेळगावच्या मराठीत कन्नड मिसळले म्हणून तिला कुणी मराठीची चोरटी आवृत्ती म्हणत नाही. तिचे तेच शुद्ध रूप. मग बोर्डालाच वेगळा न्याय का?

मेमचे मोठेपण असे की त्यांनी या नकलांनाही आपल्या यादीत स्वतंत्र ओळ दिली आहे. मुस्तफाच्याच अशा अनेक आहेत. 'डायनोसॉर हंटर' नावाची एक चिनी नक्कलही आहे. पण पीआयसीमधला प्रोग्राम बहुधा वाचता येऊ नये असा बंद केलेला असतो. त्यामुळे यातल्या काही नकला मेममध्ये वर्षानुवर्षे मुक्या राहिल्या. चित्र आहे, आवाज नाही. भाऊ जो आवाज शोधत होता तो नेमका त्या बंद चिपमध्ये होता.

हे सगळे निपाणीत चहा पिता पिता मी मिस्त्रींना सांगत होतो. ऐकून ते उठले, शिडी लावून माळ्यावर चढले आणि मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बोर्ड घेऊन खाली आले. एका पार्लरवाल्याकडे दोन पेट्यांचे पैसे अडकले होते, त्याने धंदा मोडताना पैशांऐवजी हा दिला होता. वीस वर्षे झाली असतील. "भंगारवाला दोनशे द्यायला तयार हुता. म्हटलं, राहू दे."

बोर्ड शहापुरात आणला. ब्रशने धूळ झाडली, जोडणीची पितळी टोके खोडरबराने घासली. जामाची वायर ऑनलाइन मागवली, जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जोडला, ५ व्होल्ट मीटरने दोनदा मोजले. बटण दाबल्यावर पडद्यावर आल्या त्या हिरव्या-जांभळ्या पट्ट्या, त्यांच्या आड कुठे कुठे गाडी आणि अक्षरे. चित्राची बाजू गेलेली होती. भावाने टोकनाचे बटण दाबले, मग सुरुवातीचे, मग अंदाजाने ठोशाचे. आणि पत्र्याच्या डब्यातला तो आवाज आला. ठोसा बसला, संगीत गिळले गेले. पन्नाशीकडे झुकलेला माणूस जमिनीवर मांडी घालून बसला होता, त्याने मान खाली घातली आणि बराच वेळ बटण दाबत राहिला. मी मोबाइलवर आवाज नोंदवून घेतला. अकरा मिनिटांनी बोर्ड बंद पडला. तो पुन्हा सुरू झालेला नाही.

नंतर चिपा वाचण्याचा उद्योग झाला. जुन्या प्रोग्राम-चिपांच्या पाठीवर काचेची खिडकी असते. तिच्यावर अतिनील प्रकाश पडत राहिला की आतला मजकूर पुसट होतो, म्हणून वर कागद चिकटवलेला असतो. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या एका मित्राकडे ती वाचणारे उपकरण होते. मेमची यादी प्रत्येक चिपच्या मजकुराची एक बेरीज देते, तिच्याशी आपली बेरीज ताडून पाहायची. पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्यांना हे काम ओळखीचे वाटेल. बहुतेक चिपा एका माहीत असलेल्या नकलेशी जुळल्या. एक कशाशीच जुळत नाही. पीआयसीने अपेक्षेप्रमाणे तोंड उघडले नाही. न जुळणारी चिप म्हणजे वयाने झिजलेला मजकूर की आजवर कुणी न नोंदवलेला पाठभेद, हे एकाच प्रतीवरून ठरत नाही.

कुणी विचारेल, चोरीच्या मालाची एवढी पूजा कशाला? प्रश्न रास्त आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला राखीव प्रत करू देतो, कलम ५२ मध्ये तशी तरतूद आहे. नकली बोर्ड बाळगणाऱ्याला तिचा आधार घेता येईल असे मला वाटत नाही. पण दुसरी बाजू पाहा. आर्केडमधला हा खेळ कॅपकॉमने घरगुती यंत्रांसाठी कधीच काढला नाही, त्यामुळे पैसे मोजून विकत घेण्याची वाटही नाही. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या २०२३ च्या पाहणीत तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असे आढळले. ही अधिकृत खेळांची स्थिती, तीही अमेरिकेत. बेळगावातल्या नकलांची मोजदाद कोण करणार? बेळगावला १८४८ पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे. खडेबाजारामागच्या त्या बोळाचे मात्र एक छायाचित्रसुद्धा मला अजून मिळालेले नाही.

न जुळणाऱ्या चिपसाठी दुसरी प्रत हवी आहे. सीमाभागात, कोल्हापुरात, गोव्यात कुणाच्या माळ्यावर असा बोर्ड पडून असेल तर तो भंगारात देऊ नका. उत्साहाने लगेच वीजही जोडू नका. चिपांवरचे कागद निघाले असतील तर काळी चिकटपट्टी लावा, उन्हात ठेवू नका, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आपल्याकडच्या पावसात आत पाणी सुटते. मिस्त्रींनी त्यांच्या ओळखीच्या जुन्या पार्लरवाल्यांची नावे आठवून द्यायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत सात झाली. त्यांतले दोघे हयात नाहीत, एक चिकोडीला मुलाकडे असतो. दिवाळीनंतर तिकडे जायचे ठरले आहे.